कौतुकाचा खर्च वेगळा

काटकसर एका घराने केली की लोक तिला चिक्कूपणा म्हणतात. तीच पाच घरांनी मिळून केली की तिचा उपक्रम होतो, त्याला वही लागते आणि कुणीतरी आपणहून अध्यक्ष होतं. आमच्या कर्वेनगरातल्या बिनलिफ्टच्या सोसायटीत सध्या असा उपक्रम चालू आहे.

कारण चारचौघांचंच. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो, चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला, तेव्हा आमच्या गृहकर्जाचा हप्ता त्याच्या मागोमाग जिना चढला. पुढे दर खाली उतरला. हप्ता वरच दम खात बसलाय. मुलगी अकरावीत गेली, म्हणजे क्लास आला. आणि ह्यांच्या कंपनीने यंदा पगारवाढीच्या ऐवजी प्रशस्तिपत्र दिलं. फ्रेमचा खर्च नको म्हणून ते कपाटात ठेवलंय.

आता पुण्यात माणूस आपली अडचण कुणाला सांगत नाही. शेजारीच ती शोधून काढतात. आमची सापडली ती दुधात. दाराला अडकवलेल्या पिशवीत लिटरच्या जागी अर्ध्या लिटरची पिशवी दिसायला लागली, आणि पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकांनी जिन्यातच विचारलं, "काय हो, तब्येत की परिस्थिती?" हे म्हणाले, "परिस्थिती." त्यावर काका एवढे खूश झाले की मला वाईट वाटायचं राहूनच गेलं. त्यांचीही परिस्थितीच होती, आणि सोबत कुणी नव्हतं.

मग जोशीकाकू आल्या, शिंदेवहिनी आल्या, तळमजल्यावर भाड्याने राहणारं लातूरचं जोडपं, प्रसाद आणि स्नेहल, तेही आलं. दर शनिवारी संध्याकाळी गच्चीत जमायचं ठरलं. नियम दोनच. आठवड्यात काय वाचवलं ते प्रत्येकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी मनापासून 'वा' म्हणायचं. दुसरा नियम, कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. हा दुसरा नियम पुणे महापालिका हद्दीत लागू पडेल का, ही शंका मला तेव्हाच आली होती.

सुरुवात विजेपासून झाली, कारण काकांचा जीव मीटरमध्ये आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिली शंभर युनिटं स्वस्त, तिथून तीनशेपर्यंतचा टप्पा चांगलाच चढा. तेव्हा शंभराच्या आत राहायचं, असा ठराव झाला. काकांनी हिशेब मांडला: दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट उडालं. पंचाहत्तर वॅटचा पंखा तेरा तास फिरतो तेव्हा कुठे एक होतं. हे कळल्यापासून आमच्याकडे आंघोळीला गेलेल्या माणसाच्या दारावर थापा पडतात. मुलीला केस धुवायचे असले तर आदल्या रात्री कळवावं लागतं. काका स्वतः पहाटे बॅटरी घेऊन मीटरपाशी जातात आणि सगळ्यांची रीडिंग वहीत उतरवतात. "शिंदे, तुमचे एक्क्याण्णव झाले आणि अजून सहा दिवस आहेत!" ही हाक ऐकून आमची बिल्डिंग उठते.

त्या सहा दिवसांत शिंद्यांकडे अंधार. पण वहिनी हुशार. जिन्यातला दिवा सोसायटीच्या मीटरवर आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या मुलाने अभ्यासाची वह्या-पुस्तकं पायरीवर मांडली. ते बघून जोशीकाकू मेथीची जुडी घेऊन निवडायला बसल्या. मीही तांदूळ घेऊन गेले. हे पेपर वाचायला आले. चार संध्याकाळी जिन्यात असा भरगच्च संसार मांडला होता की वर जाणाऱ्याला "जरा पाय घ्या" म्हणत जावं लागे. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाचं बिल थोडं उतरलं, सोसायटीचं चढलं आणि ते सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये सारखं वाटलं गेलं.

खरा घाव प्रसादने घातला. त्याने लॅपटॉपवर तक्ता काढून दाखवलं की शंभराची रेघ ओलांडली म्हणून आधीची शंभर युनिटं महाग होत नाहीत. फक्त वरच्या युनिटांना वरचा दर लागतो. एकशेएकावं युनिट म्हणजे काही रुपये जास्त, संपलं. त्यावर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे, आणि सोळा टक्के वीज शुल्क आहेच, आणि स्थिर आकार तर अंधारात बसलं तरी चुकत नाही. गच्चीत शांतता पसरली. एवढं सोपं निघाल्याचा कुणालाच आनंद झाला नाही. शिंदेवहिनी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही उगाच चाचपडलो?" काका म्हणाले, "उगाच कसं? शिस्त लागली." आणि पहाटेची हाक चालूच राहिली.

याच काकांनी त्या महिन्यात एक खरंखुरं काम केलं. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्याला पुण्यात मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. मधे काही वर्षं ती बंद पडली होती, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. पण ज्यांची गेली होती त्यांना पीटी-३ नावाचा अर्ज भरून द्यावा लागतो. जोशीकाकूंनी तो कधी भरलाच नव्हता. त्यांना वाटायचं बिल वाढतच असतं, वय वाढतं तसं. काकांनी त्यांची कागदपत्रं फायलीत लावली, सोसायटीचं पत्र आणलं, क्षेत्रीय कार्यालयात 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य निरनिराळ्या वेळी ऐकलं आणि अर्ज देऊन पोच घेऊनच परतले. काकूंचे दर वर्षी काही हजार वाचायचे झाले. शनिवारी काकांनी हे सांगितल्यावर आम्ही म्हटलं, "अरे वा." स्वल्पविरामसुद्धा नाही. आणि लगेच शिंदेवहिनींनी जाहीर केलं की सोमवारपासून त्यांनी दुपारचा चहा सोडलाय. गच्ची हेलावली. जोशीकाकूंनी त्यांचा हात हातात घेतला. स्नेहल म्हणाली, "वहिनी, तुमच्यात खरंच दम आहे हो." काका फाइल मिटून बसले होते. अर्ज भरताना माणसाला काही सोसावं लागत नाही, निदान दिसत तरी नाही. कपाकडे बघून सुस्कारा टाकला तो दिसतो.

तेव्हापासून सगळे सोसण्याच्या मागे लागले.

टोमॅटोचा प्रयोग मात्र सामुदायिक होता. कोपऱ्यावरच्या गाडीपेक्षा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किलोमागे दहा रुपये स्वस्त, म्हणून वीस किलोचं एक क्रेट आणायचं आणि पाच घरांत वाटायचं. रविवारी पहाटे प्रसादच्या दुचाकीवर मी मागे बसून गेले. पेट्रोल त्याने मोठ्या मनाने धरलं नाही. येताना क्रेट आणि मी रिक्षात. पहिल्या दीड किलोमीटरला पंचवीस आणि पुढे किलोमीटरला सतरा, या दराने दारात मीटरप्रमाणे १२७ झाले. निघायच्या आधी दोघांनी चहा घेतला, तो तीस. दोनशे वाचले त्यातून हे वजा जाता उरले त्रेचाळीस. भागिले पाच, म्हणजे घरटी आठ रुपये साठ पैसे. साठ पैशांचं काय करायचं, यावर काकांनी चर्चा घेतली.

पण वाटणी बघण्यासारखी झाली. जिन्यात जुनी चादर अंथरून सगळा माल ओतला. जोशीकाकूंनी एकेक टोमॅटो अंगठ्याने हलकेच दाबून तीन ढीग केले: कडक, मऊ आणि 'आजच'. कडक सगळ्यांनाच हवे होते. स्नेहलने विमानप्रवासासाठी घेतलेला बॅगा तोलायचा काटा आणला, त्याच्या आकड्याला कापडी पिशवी लटकवून प्रत्येक घराला चार किलो तोलले. शिंदेवहिनींचे चार किलो शंभर ग्रॅम भरले, तेव्हा एक टोमॅटो काढून घेतला गेला. वहिनींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी मुलीच्या पाठवणीतसुद्धा कुणी बघत नाही. नंतरचा आठवडाभर सार, चटणी, भरीत, कोशिंबीर, ऑम्लेट आणि पुन्हा सार. हे म्हणाले, "मला आता लाल रंग बघवत नाही." शनिवारी त्याबद्दल त्यांनाही 'वा' मिळाला.

माझ्या सासूबाई या सगळ्याकडे लांबून बघत होत्या. आई मूळच्या करमाळ्याकडच्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडणारी माणसं पाहिली, सुकडी खाल्ली, रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. त्यामुळे घरात कुठल्याही गोष्टीची कुरकूर झाली की त्या फक्त एवढंच म्हणतात, "आम्ही मिलो खाल्लाय." त्यावर उत्तर नाही. वाय-फाय बंद पडलं तरी मिलो निघतो.

दुधाची पिशवी त्या कोपऱ्यात एवढीशी कापतात, चमचाभर पाणी घालून विसळतात आणि ते पाणी कणकेत घालतात. तूप कढवलं की बेरीत साखर घालून नातीला, आणि त्याच कढईत कणीक मळायची, म्हणजे कढईला लागलेलं तूपही वाया जात नाही. हे सगळं त्या कुणाला न सांगता पन्नास वर्षं करत आल्या आहेत. आमच्या गच्चीवरच्या कार्यक्रमाबद्दल त्यांचं मत होतं, "पैसे वाचवले म्हणून टाळ्या? उद्या श्वास घेतला म्हणून हार घालाल."

एका शनिवारी गुडघे बरे होते म्हणून त्या वर आल्या. सहज पिशवी विसळण्याचं सांगून बसल्या. स्नेहल किंचाळली, "आजी, भारी!" आणि तिने त्यांना मिठीच मारली. काकांनी वहीत 'मार्गदर्शक' असा नवा रकाना आखला. आई जिना उतरताना काही बोलल्या नाहीत, पण कठडा न धरता उतरल्या.

तिथून बिघडलं. पुढच्या बुधवारी सकाळी माझ्या चहात साखर कमी. गुरुवारी आणखी कमी. मी विचारलं तर म्हणाल्या, "शनिवारला काहीतरी सांगायला नको?" कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करून वाफेवर डाळ शिजवायचा प्रयोग झाला, डाळीचं त्याबद्दल वेगळं मत पडलं. ह्यांनी एकदा दबक्या आवाजात मला म्हटलं, "आईला पूर्वीसारखं गुपचूप वाचवू दे ना. स्वस्तात पडायचं."

आंब्याचा हंगाम आला तो सगळ्यांची परीक्षा घेऊनच. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या बैठकीत जोशीकाकूंनी घोषणा केली, "यंदा आमच्याकडे हापूस नाही." कडाडून टाळ्या. मग शिंदेवहिनी: "आमच्याकडेही नाही." पाठोपाठ काका, प्रसाद, आम्ही. आई तर म्हणाल्या, "आंब्यावाचून कुणी मेलेलं नाही." त्या वाक्यावर काकांचे डोळे पाणावले.

आठवड्याभरात जिन्यात चमत्कारिक वास यायला लागला. म्हणजे वास ओळखीचाच होता, चमत्कारिक होती ती वर मारलेली उदबत्ती. एरवी ज्यांच्याकडे देवापुढे एक काडी अर्धी करून लावतात, त्यांच्या दाराखालून धूर येत होता. आमच्याकडे दिवाणाखाली पेंढ्यात काय आहे, याची चौकशी करायला गेले तर आई म्हणाल्या, "नातीसाठी आहेत. तू तिकडे बघू नकोस, म्हणजे तुला खोटं बोलावं लागणार नाही."

खोटं बोलायची वेळच आली नाही. कचरा न्यायला येणाऱ्या ताई रोज आठच्या सुमाराला येतात आणि त्यांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत माइकशिवाय पोचतो. त्या सकाळी त्यांनी पाचही घरांच्या बादल्या एकापाठोपाठ एक उलट्या केल्या आणि खालून हाक दिली, "ह्या बिल्डिंगीत आंबे जोरात हायेत यंदा! कोया, सालं ओल्यातच टाका, पण पेटीचा पुठ्ठा सुक्यात द्या बरं का. पाचही जणींना सांगतीय!"

त्या शनिवारी बैठक भरली, कारण न भरवणं म्हणजे कबुलीच झाली असती. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. शिंदेवहिनी टाकीच्या पाइपाचा फार बारकाईने अभ्यास करत होत्या. काकांनी वही उघडली, पेन झटकलं आणि जोशीकाकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मी... जिन्यातला दिवा आठवणीने बंद केला." 'वा' कुणाच्या घशातून निघेना. प्रसादने सांगितलं की त्याने एक ओटीटी बंद केलं. स्नेहल पुटपुटली, "माझ्या आईचं चालू आहे, त्यावर बघतो आम्ही."

मग पाळी आईंची. त्यांनी पदर सावरला.

"मी या आठवड्यात कुणाचंही कौतुक केलं नाही," त्या म्हणाल्या. "तेवढंच वाचलं."

सगळ्यांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत आली. काकांनी वहीत 'बचत' या रकान्यात आईंचं नाव लिहिलं, पेन तसंच धरलं आणि चश्म्यावरून बघत विचारलं, "रक्कम किती लिहू?"