पन्नास हजारांत गेमिंग पीसी, दिव्यांसकट

सगळ्यात आधी घरी आकडा सांगून टाका. पन्नास हजार. आकडा गोल आहे, ऐकायला उधळपट्टी वाटत नाही आणि बाबांना "तेवढ्यात चांगला लॅपटॉप येतो की" हे एक वाक्य बोलायची सोय ठेवतो. ते वाक्य त्यांना बोलू द्या. 'गेमिंग' हा शब्द मात्र घरात उच्चारायचा नाही. 'कोडिंग' म्हणायचं, 'एडिटिंग' म्हणायचं आणि फारच उलटतपासणी झाली तर 'एआयसाठी लागतो' म्हणायचं. एआय म्हटलं की हल्ली घरातली कर्ती माणसं चष्मा पुसायला घेतात आणि विषय मिटतो. हे एआय प्रकरण लक्षात ठेवा, पुढे ते अंगावर येणार आहे.

या पन्नास हजारांत मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस आणि विंडोज यांतलं काहीही धरायचं नाही. लग्नाच्या खर्चात आहेराच्या साड्या कोणी धरतं का? कॅबिनेट टेबलावर बसलं की आईच विचारते, "आता हे बघायचं कशावर?" तेव्हा मॉनिटरचं काढायचं. डबा घरात आलेला असतो, तो काही परत जात नाही.

मग तीन आठवडे अभ्यास करा. व्हिडिओतला अमेरिकन मुलगा पाचशे डॉलरमध्ये असा पीसी बांधतो की त्यावर सगळं लोण्यासारखं चालतं. पाचशेला डॉलरच्या भावानं गुणा, आकडा वहीत लिहा, खाली दोन रेघा मारा. तिकडचे भाव कर सोडून सांगतात आणि आपल्याकडे सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, असल्या गोष्टी वहीत लिहू नका. उगाच खाडाखोड होते.

प्रोसेसर नावावरून निवडावा. आय सेव्हन म्हणजे सात, आय थ्री म्हणजे तीन, हिशोब बालवाडीतला आहे. ऑफिसांनी काढून टाकलेल्या जुन्या डब्यांत इंटेलचा २०११ चा, दुसऱ्या पिढीतला आय सेव्हन २६०० अजून मिळतो. त्यात चार कोअर म्हणजे काम करणारे मेंदू, आणि आठ थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळायची कामं. २०२२ च्या आय थ्री १२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत आणि तो या म्हाताऱ्या आय सेव्हनला कुठल्या कुठे मागे टाकतो, पण हे ऐकणार कोण? आत्याच्या मुलाला "आय थ्री घेतला" असं सांगून बघा, तो तुम्हाला उसने पैसे देऊ करेल. राहता राहिलं विंडोज ११. ते अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागे जात नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या व्हॅलोरंट नावाच्या गेमसाठी हा सगळा खटाटोप, तो विंडोज ११ वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मागतो. पण आत्याच्या मुलाला टीपीएम माहीत नाही, तेव्हा चिंता नसावी.

मदरबोर्डवर फार वेळ घालवू नका. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, जुळलं पाहिजे म्हणून काही लोक पत्रिका बघितल्यासारखे तक्ते घेऊन बसतात. एएमडीच्या जुन्या एएम फोर सॉकेटचा प्रोसेसर नव्या एएम फाइव्हवर बसत नाही, एएम फाइव्हवर मागच्या पिढीची डीडीआर फोर रॅम चालत नाही, म्हणजे एक नाडच म्हणा ना. तुम्ही सरळ प्रेमविवाह करा. प्रोसेसर ऑफरमध्ये दिसला म्हणून ऑनलाइन घ्या, बोर्ड मित्राच्या मित्राकडून घ्या, रॅम तिसरीकडून. जुळलं तर जुळलं.

रॅमवरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी रॅम ही बिलातली सगळ्यात किरकोळ ओळ असायची. २०२५ सरता सरता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी अशी उचलायला घेतली की आपल्या वाट्याला तळाची खरवड उरली. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशल' हा घरगुती गिऱ्हाइकांचा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ज्या एआयचं नाव घेऊन तुम्ही बाबांना गप्प बसवलंत, त्याच एआयनं तुमची रॅम महाग केली. बाबांना हे सांगू नका. रॅमचं सोन्यासारखं करायचं: रोज भाव बघायचा, रोज "उतरेल" म्हणायचं, आणि सगळ्यात चढ्या दिवशी जाऊन घ्यायची. घेतानाही आठ-आठच्या दोन काड्या घेऊ नका, त्या दोन चॅनेलमधून जोडीनं वेगात काम करतात. सोळाची एकच घ्या. दुसरी दिवाळीला घेऊ असं म्हणायचं. कुठल्या दिवाळीला, ते म्हणायचं नाही.

ग्राफिक कार्ड तेवढं जीबीवर घ्यावं. 'चार जीबीचं कार्ड' म्हटलं की पुरे, ती मेमरी कुठल्या जातीची आहे हे विचारणारा माणूस भांडखोर समजला जातो. जीटी १०३० चंच बघा. २०१७ ला आलं तेव्हा त्यावर जीडीडीआर फाइव्ह मेमरी होती. २०१८ ला त्याच नावानं डीडीआर फोर लावलेलं दुसरं आलं, ज्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश. खोक्यावर नाव तेच, दोन जीबीही तेच. आपल्याकडे भेळेच्या दोन गाड्यांना एकच नाव असतं तसं, फक्त इथे 'आमची कोठेही शाखा नाही' असं लिहायला कोणी धजावलं नाही.

सेकंडहँडची मजा आणखी वेगळी. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली, ग्राफिक कार्डावर ते खणायचा धंदा एका दिवसात बसला आणि गोदामांत रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. ती सगळीच्या सगळी, विकणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार, 'फक्त पिक्चर बघायला' वापरलेली होती. मी असं एक घ्यायला पुण्यात नळ स्टॉपला गेलो होतो. गाडीच्या सीटवरच व्यवहार. मुलगा अत्यंत नम्र, मला सारखा "सर, सर" करत होता, तिथेच मी ओळखायला हवं होतं. कार्ड नव्यासारखं पुसलेलं. उलटं केलं तर कडेनं तेलाचे ओघळ, वडापावच्या कागदावर उमटतात तसे. आतले उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड भाजून भाजून सिलिकॉन तेल बाहेर आलेलं. एका स्क्रूचं डोकं झिजून गुळगुळीत झालेलं. म्हटलं, हे उघडलं होतं का? "नाही सर, कंपनीतूनच तसं येतं." मी घेतलं. घासाघीस करून दोनशे रुपये कमी केले, ही गोष्ट मी अजून सांगतो.

आता महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ, म्हणजे ज्यावर एक पैसाही खर्च करायचा नाही त्याकडे. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना पुरवणारी पेटी. ती डब्याच्या तळाशी, एका पत्र्याआड असते. तिच्यात दिवे नसतात, तिला कोणी "वा" म्हणत नाही, ती फोटोत येत नाही. मग तिच्यावर पैसे का घालायचे? सगळा संच ठरल्यावर जे सातशे-आठशे उरतील त्यात बसणारी घ्यावी.

त्यासाठी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जायचं. गाडी लावायला जागा मिळत नाही, ती शोधण्यात अर्धा तास जातो, आणि मग माणूस भाव विचारण्याच्या मनःस्थितीत राहत नाही, हा गल्लीचा मोठा फायदा. काउंटरवर मी विचारलं, "काका, पाचशे वॅटची ब्रँडेड कितीला?"

काकांनी माझ्याकडे न बघता आकडा सांगितला.

"ऑनलाइन शंभर रुपयांनी कमी दाखवतंय."

"मग तिथनंच घ्या की. इथे कशाला पेट्रोल जाळत आलात?"

मी ओशाळून साध्यातली मागितली. त्यांनी मागच्या फळीवरून एक खोकं पुढे सरकवलं. उचललं तर पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स जड म्हणावा. खोक्यावर ठळक ५००. '८० प्लस' नावाची एक चाचणी २००४ पासून आहे, निम्म्या किंवा पूर्ण भारावरही भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ऐंशी टक्के आत पोचते की नाही हे ती बघते. या खोक्यावर तसलं काही नव्हतं, पण ज्वाळांमधून धावणारा घोडा होता. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड ज्या बारा व्होल्टच्या लाइनवर जगतात, तिच्यापुढचे अँपिअर बाराला गुणले तर दोनशेच्या आसपास वॅट निघत होते. उरलेले तीनशे बहुधा घोड्याचे.

"पक्कं बिल की कच्चं?"

"कच्च्यात वॉरंटी?"

"आत्ता लावून दाखवतो. पंखा फिरला की झालं."

पंखा फिरला. मी अठराशे रुपये वाचवून बाहेर पडलो.

ती पाच महिने टिकली. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेले होते. दुपारी आले तेव्हा खालून फटाक्यातल्या टिकलीसारखा एक आवाज झाला आणि खोलीभर जळक्या वायरीचा वास पसरला. आईनं पहिल्यांदा जाऊन गॅस बंद केला, मग मला हाक मारली. एसएमपीएस एकटी गेली नाही. जाताना मदरबोर्डाला घेऊन गेली. नवा बोर्ड अठराशेत येत नाही, पण या हिशोबात मी पडत नाही. वाचवले ते वाचवले.

यूपीएस असता तर असं कोणी म्हणेल. यूपीएसही घेतला होता. ६०० असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ते व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर निघाले, खरे वॅट ३६०. लाइट गेले की तो मला गेम सेव्ह करायला पुरेसा वेळ देतो असं वाटायचं. प्रत्यक्षात तो एकदा किंचाळायचा आणि पीसीच्या आधी बंद पडायचा.

असो. एसएमपीएसमधून वाचलेले पैसे कॅबिनेटमध्ये घाला, तिथे ते दिसतात. पुढून अख्खी काच हवी. काचेतून हवा आत जात नाही हे खरं, पण हवा कोणाला दिसते? पंखे सहा घ्या, सगळे रंगीत. ज्या गल्लीत गणपतीच्या आधी दिव्यांच्या माळा दीड-दोनशेला मिळतात, त्याच गल्लीत तेच दिवे पंख्याला चिकटवले की काही पटींनी महाग होतात आणि आपण ते हसत घेतो. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकला की बाजूची काच काढून ठेवायची आणि घरातला टेबल फॅन डब्याकडे तोंड करून लावायचा. घरची माणसं घाम पुसतात, डबा थंड राहतो. भाद्रपदात याच डब्याचा उपयोग होतो. आमच्याकडे एका वर्षी तो मखराच्या मागे ठेवला होता, रंग बदलणारा. शेजारच्या काकू आरतीला आल्या, म्हणाल्या, "यंदा लाइटिंग छान केलंय हो." पीसीचं कोणी केलेलं हे पहिलं आणि आजवरचं शेवटचं कौतुक.

जोडणी घरीच करा. दुकानदार पाचशे रुपये घेतो, आणि तो दर वेळी काही विसरत नाही, त्यामुळे शिकायला मिळत नाही. मी जेवणाच्या टेबलावर, पापड वाळत घातले होते त्यांच्या बाजूला, पाच तासांत जोडला. बोर्ड स्क्रूनं पक्का आवळल्यावर मागची पत्र्याची पट्टी लावायची राहिली हे लक्षात आलं, मग पुन्हा सगळं काढलं. पॉवरच्या बटणाच्या त्या बारीक पिना बसवताना माणसाला चाळिशीचा चष्मा कशासाठी लागतो ते कळतं. सगळं लावलं, बटण दाबलं. सहा पंखे फिरले, सप्तरंग उजळले, पडदा काळा. दोन तास रॅम काढून घातली. प्रोसेसर शेवटी एफ असलेला, म्हणजे चित्र दाखवायची सोय त्यात मुळातच नाही, म्हणून थोडा स्वस्त मिळाला होता. बाबा पेपर बाजूला ठेवून आले, मागे वाकले आणि म्हणाले, "ही वायर या खालच्या खाचेत लावायची का रे? टीव्हीची असते तशी एक इथे पण आहे." मी ती मदरबोर्डात खुपसली होती. बाबांनी ती कार्डात लावली आणि पुन्हा पेपर उचलला.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा घेतला. विंडोजनं तो पहिल्या दिवशीच साठवर ठेवला होता, हे मला आठ महिन्यांनी सेटिंग उघडल्यावर कळलं. त्या आठ महिन्यांत मी भेटेल त्याला सांगत होतो, एकशे चव्वेचाळीसचा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

हल्ली खेळणं होत नाही. नोकरी लागली, रात्री जेवून झोप येते. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी झालेत. मेंटेनन्सचा एक्सेल, थकबाकीदारांची यादी, पार्किंगच्या नोटिसा, सगळं ते याच पीसीवर करतात. त्यांना तो आवडतो, पटकन चालू होतो म्हणतात. तक्रार एकच आहे. काल रात्री पाण्याच्या टँकरचा हिशोब करता करता त्यांनी विचारलं, "हे दिवे बंद होतात का रे? डोळ्यांवर येतात."

होतात. रिमोटनं होतात. रिमोट मखराबरोबर माळ्यावर गेलाय.