जिल्हा विभागला, आकड्यांचे काय?

महाराष्ट्रात नव्या जिल्ह्यांची मागणी अधूनमधून डोके वर काढते. मालेगाव, अंबाजोगाई ही नावे त्यात ठरलेली. अहिल्यानगरचे विभाजन तर मुख्यालय श्रीरामपूरला, संगमनेरला की शिर्डीला, या वादातच अडकून पडले आहे. मेलबर्नमध्ये बसून या बातम्या वाचताना एका प्रश्नाची अनुपस्थिती मला नेहमी जाणवते. जुन्या जिल्ह्यासाठी गोळा केलेली आकडेवारी नव्या जिल्ह्यासाठी कशी आणि कोणी मोजून द्यायची, हे कोणीच विचारत नाही. माझे काम येथील स्थानिक परिषदांसाठी, म्हणजे आपल्या नगरपालिकांसारख्या संस्थांसाठी, लोकसंख्येचे तक्ते करण्याचे असल्यामुळे मला हा प्रश्न मुख्यालयापेक्षा कमी महत्त्वाचा वाटत नाही.

पालघरचे उदाहरण घेऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून हा जिल्हा वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत अखंड ठाण्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार होती. त्यापैकी २७ टक्के लोक आणि ५६ टक्के क्षेत्रफळ पालघरच्या वाट्याला आले. आता समजा, अखंड जिल्ह्यातील अनुसूचित जमातींची १५ लाख ४२ हजार ही एकच संख्या आपल्या हाती आहे. ती लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली तर पालघरमध्ये सुमारे ४ लाख १७ हजार आदिवासी निघतात, क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटली तर ८ लाख ६० हजारांच्या आसपास. तालुकावार खरी बेरीज केली की आकडा येतो ११ लाख १८ हजार, कारण जव्हार, मोखाडा, तलासरी, विक्रमगड हे तालुके एका बाजूला गेले आणि कल्याण, उल्हासनगर दुसऱ्या बाजूला राहिले. एकही माणूस जागचा न हलता उरलेल्या ठाण्यातील आदिवासींचे प्रमाण १४ टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आले.

पालघरच्या वेळी अख्खे तालुके हलले, म्हणून जनगणनेपुरते बेरजेवर भागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे तसे नाही. त्याची चौथी फेरी (२०१५-१६) २०११च्या जिल्ह्यांवर बेतलेली होती आणि पाचव्या फेरीत (२०१९-२१) पालघर स्वतंत्र आला. नमुना पाहणी असल्याने तिचे जिल्ह्याचे आकडे तालुक्यांत विश्वासाने फोडता येत नाहीत. त्यामुळे दोन्ही फेऱ्यांतील ‘ठाणे’ शेजारी ठेवून कोणी बालकांच्या कुपोषणाची तुलना केली, तर त्यातला किती फरक आहारामुळे पडला आणि किती सीमारेषेमुळे, हे सांगता येणार नाही.

सीमा येथे ऑस्ट्रेलियातही बदलतात, आणि कधी कधी बेधडक बदलतात. १९९०च्या दशकात व्हिक्टोरिया राज्याने २१० स्थानिक परिषदांच्या ७८ करून टाकल्या. पुढे २००२ मध्ये त्यांतली डेलाटाइट फोडून बेनाला आणि मॅन्सफील्ड अशा दोन केल्या. फरक पडतो तो नंतर. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी कार्यालयाने निवासी भागात साधारण ३० ते ६० घरांचा ‘मेश ब्लॉक’ हा सर्वांत लहान घटक ठरवला आहे. जुन्या क्षेत्राचा किती हिस्सा कोणत्या नव्या क्षेत्रात गेला, याचे लोकसंख्येवर आधारित रूपांतर-तक्ते हे कार्यालय स्वतः प्रसिद्ध करते आणि रूपांतर चांगले, स्वीकारार्ह की खराब, असा शेराही त्यावर मारते. सरकारी कार्यालयाने स्वतःच्याच आकड्याला ‘खराब’ म्हणावे, हे पहिल्यांदा वाचून मी चकित झालो होतो.

म्हणून येथील पद्धत डोळे मिटून उचलावी, असे मात्र नाही. हा तक्ता गृहीत धरतो की एखाद्या क्षेत्रातले ३० टक्के लोक पलीकडे गेले, तर तेथील वृद्ध, विद्यार्थी किंवा मराठी बोलणारेही ३० टक्केच गेले. वर पालघरचा आदिवासींचा आकडा ४ लाख १७ हजारांवर आला तो नेमका याच गृहीतकाने. शिवाय आपल्या जनगणनेने १९०१पासूनची लोकसंख्या चालू जिल्ह्यांच्या सीमांत बसवून देण्याची चांगली प्रथा पाळली आहे; साक्षरता, रोजगार, घरांची स्थिती यांच्या बाबतीत मात्र ते काम ज्याचे त्याने करावे लागते.

लहान घटकही आपल्याकडे आहेच. जनगणनेत एका प्रगणकाकडे सोपवला जाणारा साधारण सव्वाशे घरांचा ‘प्रगणक गट’ जोडूनच राज्यातील महापालिकांचे प्रभाग आखले जातात. पण त्यावरून कळते ती बहुतेक एकूण लोकसंख्या आणि अनुसूचित जाती-जमातींची संख्या. प्रभाग बदलला की जुन्या प्रभागातील शिक्षणाची किंवा नळजोडण्यांची माहिती नव्या हद्दीत बसवण्याचा अधिकृत मार्ग नागरिकाच्या हाती नसतो. गटांच्या सीमांचे संगणकीय नकाशे खुले केले, तर हे काम महाविद्यालयातला विद्यार्थीही करू शकेल.

२०२७च्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा गोठवल्या आहेत, त्यामुळे निदान तोवर नवा जिल्हा होणे कठीण. त्यानंतर मालेगावचा शासन निर्णय निघालाच, तर त्यात तालुक्यांच्या यादीसोबत गावनिहाय रूपांतर-तक्ता जोडणे बंधनकारक करावे, आणि सर्वेक्षणांचे जे जुने आकडे फोडता येत नाहीत त्यांची नावेही तेथेच छापावीत. मुख्यालयाचा वाद तोपर्यंत मिटलेला असेल, याची मला खात्री नाही.