खुलासा : पारुळकर निसटले, पण सरहद्द ओलांडता आली नव्हती

भारतीय वायुदलाचे वैमानिक ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर यांना श्रद्धांजली वाहणारा एक मेसेज फिरतोय. १९७१च्या युद्धात कैद झालेले पारुळकर पाकिस्तानातून निसटून अफगाणिस्तानमार्गे भारतात पोहोचले, असं त्यात म्हटलंय. हे चूक आहे.

त्यांच्यासह निसटलेल्यांनी पुढे स्वतः सांगितलेली हकिकत अशी : ऑगस्ट १९७२मध्ये पारुळकर, मलविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून जमरूद, मग लंडी कोतल. अफगाणिस्तानची सरहद्द हाकेच्या अंतरावर होती. घात केला जुन्या नकाशाने. त्यात लंडी खाना हे रेल्वे स्टेशन होतं. प्रत्यक्षात तिथली गाडी १९३२मध्येच बंद झालेली. तिकडे जायची चौकशी केली आणि तिथल्या लोकांना संशय आला. तिघेही पकडले गेले. सुटका झाली ती १ डिसेंबर १९७२ला, वाघ्यावरून, इतर युद्धकैद्यांसोबत.

म्हणून त्यांचं धाडस तसूभरही कमी ठरत नाही. शिवाय त्यांचं वायुसेना पदक या पलायनासाठी नव्हे, १९६५च्या युद्धातल्या कामगिरीसाठी होतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.