निकाल विरुद्ध गेला, पण कारण कळले

इंग्लंडमधील आमच्या घराचा कौन्सिल टॅक्सचा बँड, म्हणजे कराचा टप्पा, ‘सी’वरून वरचा ‘डी’ झाला, त्याविरुद्ध मी केलेले अपील न्यायाधिकरणाने फेटाळले, आणि त्या निकालाची प्रत मी पुण्यात धाकट्या भावाला पाठवली. ती वाचून त्याने लगेच फोन केला. “ताई, हरल्याचा कागद एवढ्या हौसेने कशाला पाठवलास? आणि तुमच्याकडेसुद्धा सामान्य माणसाचे कोणी ऐकत नसेल, तर आम्ही इथे मिळकतकराच्या बिलावर हरकत घेऊन काय मिळवणार आहोत?” तेव्हा मी त्याला थोडक्यात उत्तर दिले. ते अपुरे होते. पुढचे सगळे त्याच्या प्रश्नासाठी लिहीत आहे.

कौन्सिल टॅक्स हा साधारणपणे आपल्याकडच्या घरपट्टीच्या जागी असलेला कर आहे. १ एप्रिल १९९३ पासून तो लागू आहे. त्याआधी माणशी सारखा पडणारा ‘पोल टॅक्स’ होता, त्याविरुद्ध ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्राफल्गार चौकात मोठी दंगल झाली होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मार्गारेट थॅचर यांनी पंतप्रधानपद सोडले त्यामागे या कराविरुद्धचा असंतोष हे एक मोठे कारण होते. नव्या करासाठी प्रत्येक घराला ‘ए’ ते ‘एच’ या आठ बँडपैकी एक बँड देण्यात आला. घर १ एप्रिल १९९१ रोजी बाजारात विकले असते तर काय किंमत आली असती, यावर तो बँड ठरतो. ४०,००० पौंडांपर्यंत ‘ए’, ५२,००० ते ६८,००० च्या दरम्यान ‘सी’, ८८,००० पर्यंत ‘डी’ आणि ३,२०,००० च्या वर ‘एच’. त्या वेळी दोन कोटींच्या आसपास घरांचे काम घाईने उरकायचे असल्यामुळे पुष्कळ घरे आत पाऊलही न टाकता, गाडीतून जाता जाता रस्त्यावरूनच पाहिली गेली, आणि म्हणून त्या मूल्यांकनांना इथे ‘दुसऱ्या गिअरमधली मूल्यांकने’ असे नाव पडले. इंग्लंडमध्ये आजही तीच तारीख चालते. १ एप्रिल १९९१ रोजी मी पुण्यात प्राथमिक शाळेत होते. आज मी ज्या घराचा कर भरते त्या घराची त्या दिवशीची किंमत मला सिद्ध करायची होती.

आमचे घर १९३० च्या दशकातले, तीन झोपण्याच्या खोल्यांचे, एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेले आहे. ओळीतली बाकीची घरे त्याच नकाशाची असून ती सगळी ‘सी’मध्ये आहेत. फरक एवढाच की आमच्या आधीच्या मालकांनी मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवून घेतले होते. इथला नियम असा आहे की मालकाने घर वाढवले तरी ते घर त्याच्या ताब्यात असेपर्यंत त्या वाढीसाठी बँड बदलत नाही. घर विकले गेले की मात्र वाढीव बांधकाम हिशेबात धरून बँड नव्याने तपासला जातो. म्हणजे बांधकाम एकाने करायचे आणि बँड दुसऱ्याचा वाढायचा. घर घेताना वकिलाने दिलेल्या कागदांत हे सुचवणारी एक ओळ होती, ती मी वाचली होती आणि तिचा अर्थ मला कळला नव्हता.

बँड वाढल्याचे पत्र आल्यावर सहा महिन्यांच्या आत औपचारिक हरकत घेता येते. ती मी घेतली. मूल्यांकन करणाऱ्या सरकारी खात्याने ती नाकारली, तेव्हा पुढच्या तीन महिन्यांच्या आत इंग्लंडच्या मूल्यांकन न्यायाधिकरणाकडे अपील करता येत होते, तेही केले. त्यासाठी शुल्क पडले नाही, वकील लागला नाही, आणि हरल्यास समोरच्याचा खर्च अंगावर पडेल ही भीतीही नव्हती. न्यायाधिकरणाचे सदस्य मानधनाशिवाय काम करणारे सामान्य नागरिक असतात आणि कायद्याचा सल्ला द्यायला त्यांच्याबरोबर एक लिपिक बसतो. सुनावणीत मला अर्धा तास बोलू दिले गेले, आणि त्या अर्ध्या तासात मध्ये कोणी घड्याळाकडे पाहिले नाही.

मी हरले, कारण माझा पुरावा कमजोर होता. आम्ही घरासाठी दिलेल्या किमतीवरून, घरांच्या किमतींच्या निर्देशांकाच्या आधारे मागे मागे जात मी १९९१ ची किंमत काढली होती आणि ती ‘सी’च्या मर्यादेत बसत होती. न्यायाधिकरणाने म्हटले की निर्देशांक हा अख्ख्या प्रदेशाची सरासरी सांगतो, एका विशिष्ट घराबद्दल तो फारसे काही सांगू शकत नाही. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे १ एप्रिल १९९१ च्या आसपास त्याच भागात, तशाच आकाराचे घर प्रत्यक्ष कितीला विकले गेले हा. खात्याने तसे एक घर दाखवले. दोन रस्ते पलीकडचे, आमच्या वाढवलेल्या घराएवढ्याच क्षेत्रफळाचे, आणि ‘डी’च्या मर्यादेत विकले गेलेले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. निकाल मी चार वेळा वाचला आणि चौथ्या वेळी मला मान्य करावे लागले की त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिले असते.

मात्र एक गोष्ट मला तेव्हाही टोचली आणि अजून टोचते. तो भक्कम पुरावा माझ्यासारखीने आणायचा कुठून? इंग्लंडमधील घरांच्या विक्रीच्या किमती कोणालाही विनामूल्य पाहता येतात, पण ही सार्वजनिक नोंद जानेवारी १९९५ पासून सुरू होते. १९९१ चे व्यवहार सरकारी खात्याच्या दप्तरात आहेत. कायदा माझ्याकडून ज्या वर्षाचा दाखला मागतो त्या वर्षाची वही समोरच्या पक्षाच्या कपाटात आहे, आणि सुनावणीपूर्वी त्या वहीतून त्याने निवडलेली पाने तेवढी मला दाखवली जातात. इथे कोणी लबाडी करते असा माझा आरोप नाही. तारीख जितकी जुनी होत जाईल तितकी ही झुंज विषम होत जाणार, इतके सरळ आहे.

शिवाय अपिलात मी आमच्या घराची तुलना दुसऱ्या घराशी करू शकत होते, पण मोजपट्टीच वाकडी आहे असे म्हणू शकत नव्हते. कायद्याने ठरवलेल्या प्रमाणानुसार ‘एच’ बँडचा कर ‘ए’च्या बरोबर तिप्पट असतो, मग त्या दोन घरांच्या किमतीत दहापट अंतर असो वा पन्नासपट. इंग्लंडमधील ‘डी’ बँडचा सरासरी कर २०२५-२६ मध्ये २,२८० पौंड होता आणि ‘सी’चा त्याच्या आठ-नवमांश, म्हणजे एका बँडच्या फरकाने सुमारे २५३ पौंड पडत होते, आमच्या वाढलेल्या स्वयंपाकघरासाठी तेवढे द्यायला मी कुरकुरणार नाही. पण १९९१ मध्ये स्वस्त असलेले आणि नंतर भाव गगनाला भिडलेले भाग आजही खालच्या बँडचा कर भरतात, आणि ज्या शहरांचे भाव त्या मानाने वाढलेच नाहीत तेथील लोक जुन्याच बँडचे ओझे वाहतात. इंग्लंडमध्ये २००७ साली फेरमूल्यांकन होणार होते, ते २००५ मध्ये सरकारने बासनात बांधले. वेल्सने मात्र ते केले: २००३ च्या किमती धरून नवे बँड २००५ पासून लागू केले आणि वर नववा ‘आय’ बँड जोडला. तेथे सुमारे एक तृतीयांश घरे वरच्या बँडमध्ये गेली, बराच गदारोळ झाला, आणि तो पाहून इंग्लंडच्या राज्यकर्त्यांना जी धास्ती बसली ती आजतागायत उतरलेली नाही.

हे सगळे ऐकून भाऊ म्हणाला, “म्हणजे तुमच्याकडेही आमच्यासारखेच.” काही अंशी त्याचे खरे आहे. पुण्यात मिळकतकर वार्षिक भाडेमूल्यावर बसतो आणि घर पहिल्यांदा ज्या वर्षी आकारणीत आले त्या वर्षाचा दर त्याला चिकटून राहतो, त्यामुळे एकाच गल्लीत जुन्या इमारतीतील सदनिकेला थोडा आणि समोरच्या नव्या इमारतीतील तेवढ्याच सदनिकेला कितीतरी जास्त कर येतो. स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत २०१९ मध्ये राज्य सरकारने रद्द केली आणि २०२३ मध्ये पुन्हा दिली, तेव्हा शहरात जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी सवलतीची होती. मूळ आकारणी कशी होते, ती चुकली तर दाद कोठे मागायची, हे त्या चर्चेत फारसे आलेच नाही. मुंबईने २०१० मध्ये भांडवली मूल्याची, म्हणजे भाड्याऐवजी मिळकतीच्या किमतीवर कर बसवण्याची, पद्धत आणली, पण मोकळ्या जमिनीवर पुढेमागे किती बांधकाम होऊ शकेल हे धरून कर लावणारे नियम उच्च न्यायालयाने रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कर जमिनीच्या आजच्या स्थितीवर बसला पाहिजे, हे त्या निकालाचे सूत्र होते. इंग्लंडचा कायदा गेलेल्या काळातली किंमत धरतो, मुंबईचे ते नियम न आलेल्या काळातली धरत होते. मुंबईकर निदान त्या चुकीविरुद्ध न्यायालयात जाऊन जिंकले, इंग्लंडमध्ये १९९१ ही तारीख संसदेच्याच कायद्यात असल्यामुळे कोणतेही न्यायाधिकरण तिला हात लावू शकत नाही. या बाबतीत माझ्या इंग्लंडमधल्या शहराने मला जे दिले त्यापेक्षा मुंबईने तिच्या नागरिकांना जास्त दिले, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

“आमच्यासारखेच” हा भावाचा शब्द मात्र एका ठिकाणी मला मुळीच मान्य नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ नुसार कराविरुद्धचे अपील ऐकले जाण्यासाठी वादातली रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करावी लागते. यामागचे कारण मला समजते: अपील ठोकून वर्षानुवर्षे कर थकवणारे बडे मिळकतदार असतात आणि शहराचा दिवाबत्तीचा खर्च त्यांच्यासाठी थांबत नाही. इंग्लंडमध्येही अपील चालू असताना कर भरतच राहावा लागतो. मीही ‘डी’चे दहा हप्ते एप्रिलपासून जानेवारीपर्यंत मुकाट्याने भरत होते. पण मी एखादा हप्ता चुकवला असता तर वसुलीची वेगळी कारवाई झाली असती, माझे म्हणणे ऐकण्याचे दार त्यामुळे बंद झाले नसते. महाराष्ट्रात मागच्या वर्षांची आकारणी एकदम अंगावर येते, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढत जाते, आणि ती आकारणी चुकीची आहे असे सांगायलाही आधी तेवढे पैसे मोजावे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत तो अपील करत नाही. तो अभय योजनेची, म्हणजे थकबाकीदारांना शास्ती माफ होण्याची, वाट पाहतो, आणि वेळेवर भरणाऱ्याला मग वाटते की आपणच खुळे.

म्हणून माझे म्हणणे असे की वसुलीचे नियम हवे तेवढे कडक ठेवावेत, पण सुनावणीला पैशाची अट नसावी. निदान राहत्या घरासाठी तरी नसावी. आणि निकाल, तो कोणत्याही बाजूने लागो, कारणांसह लेखी मिळावा. दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. इंग्लंडमध्ये कोणत्याही घराचा बँड कोणालाही पाहता येतो, म्हणूनच शेजारची घरे ‘सी’मध्ये आहेत हे मला कळले आणि माझी हरकत जन्माला आली. महाराष्ट्राच्या कायद्यातही आकारणीचे पुस्तक पाहण्याची आणि मुदतीत तक्रार करण्याची तरतूद आहे. ते पुस्तक इमारतवार, दर आणि क्षेत्रफळासह, घरबसल्या पाहता आले तर निम्मे वाद कार्यालयाच्या पायरीपर्यंत येण्याआधीच मिटतील असे मला वाटते, आणि उरलेल्यांत तरी लोक काहीतरी हातात घेऊन येतील.

माझ्यापुढे आता फारसे मार्ग नाहीत. उच्च न्यायालयात चार आठवड्यांत जाता आले असते, पण फक्त कायद्याच्या मुद्द्यावर, आणि निकालात कायद्याची चूक मला सापडली नाही. त्याच वस्तुस्थितीवर पुन्हा हरकतही घेता येत नाही. त्या निकालाच्या मागच्या पानावर मी आमच्या खासदारांना लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा आहे. इंग्लंडमध्ये नव्या किमतींवर फेरमूल्यांकन करावे, अशी विनंती त्यात आहे. आमच्या भागातले भाव पाहता तसे झाले तर आमचे घर ‘ई’मध्ये जाण्याची बरीच शक्यता आहे. हे भावाला सांगितल्यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही, आणि मग त्याने विचारले की आकारणीचे पुस्तक पाहण्यासाठी अर्ज कोणाच्या नावाने करायचा असतो.