बांधावरचं तण आणि भेकर: 'गावकरी काकां'च्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्दे नेमके आहेत. बांधावरच्या घोळीत, केन्यात भेकरासाठी, म्हणजे जंगलातल्या त्या छोट्या हरणासाठी, चांगलं प्रथिन असतं, २५ टक्क्यांपर्यंत, आणि बांधावर तणनाशक मारू नका, असं मी मागे लिहिलं. तुम्ही विचारता: पुस्तकात घोळीचं प्रथिन १०० ग्रॅमला जेमतेम २ ग्रॅम, मग २५ टक्के आणलेत कुठून? गाय ज्या टाकळ्याला तोंड लावत नाही, तो हरणाच्या काय कामाचा? आणि मग शेतातलं तण बेणायचंच नाही का?

आकडे दोन्ही खरे. पुस्तकातला ताज्या भाजीचा आहे आणि घोळीत ९२-९३ टक्के पाणीच. उपटून बांधावर टाकली तरी ती कितीतरी दिवस हिरवी राहते, सर आली की पुन्हा मूळ धरते, ते त्याच जोरावर. पाणी वगळलं की उरतात ७-८ ग्रॅम, त्यातले २ प्रथिनाचे, म्हणजे साधारण २५ टक्के. चाऱ्याचा हिशेब कोरड्या वजनावरच करतात. त्याच मापाने भाताच्या पेंढ्यात ३ ते ५ टक्के भरतं.

खरी गोम मात्र तुम्ही पकडली नाहीत. प्रयोगशाळेत सहसा नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणून त्याला प्रथिन म्हणतात. युरियावर पोसलेल्या माठात नायट्रेट साठतं. त्यात नायट्रोजन असतो, पण ते प्रथिन नव्हे; तरी मोजण्याच्या पद्धतीनुसार तेही कमीअधिक या गुणाकारात प्रथिन होऊन बसतं. शिवाय घोळीत, माठात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियम बांधून ठेवणारा क्षार. म्हणजे कागदावरचं सगळंच अंगी लागत नाही. आणि तेही कोवळेपणीचं. कुर्डूला तुरे आले की पाला जून झालाच.

टाकळ्याचं मान्य. पावसाच्या तोंडावर आपण त्याची भाजी आवडीने खातो, गुरं ढुंकूनही बघत नाहीत. घाणेरी तर गुरांचं यकृतच बिघडवते. पण म्हणून केना बाद होत नाही, तो तुमची गायही खाते. आणि गाईवरून भेकराचं माप काढूच नये. गाय जिभेने गवताचा पुंजका ओढते आणि मोठ्या पोटात सावकाश आंबवते. भेकराचं तोंड निमुळतं, पोट लहान. ते कोवळं पान, कळी, झाडाखाली पडलेलं उंबर असं वेचून खातं, कारण नुसत्या चोथ्यावर त्याचं भागत नाही. सांबर गवतही चालवून घेतं.

राहिली बेणणी. खाचरातलं तण काढू नका, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. आक्षेप बांधावर तणनाशक मारण्याला होता, आणि आहे. तिथे कोयती पुरते. केना तर ग्लायफोसेट या तणनाशकालाही सहजी दाद देत नाही. पैसे जातात आणि मरतं ते भलतंच.