बंदुकीवर संशोधन करू नका, असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं

माझी लेक सात वर्षांची असताना पहिल्यांदा मैत्रिणीकडे रात्री राहायला निघाली. बॅग भरली, टूथब्रश ठेवला, तिचं लाडकं पांघरूण ठेवलं. मग मैत्रिणीच्या आईशी बोलायचं म्हणून फोन हातात घेतला आणि दहा मिनिटं तशीच बसून राहिले. विचारायचं एवढंच होतं : तुमच्या घरात बंदूक आहे का? असली तर कुलपात असते का?

साताऱ्यात वाढलेल्या बाईच्या तोंडून हा प्रश्न सहज निघत नाही. कुणाकडे जेवायला जायचं आणि आधी त्यांच्या स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायचे, तसं वाटतं. पण मुलीच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, संकोच करू नका, विचारा. मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "आहे, नवऱ्याची आहे. तिजोरीत असते. विचारलंस ते बरं केलंस."

फोन ठेवला आणि पुढचा प्रश्न डोक्यात आला. तिजोरीत असली म्हणजे धोका किती कमी होतो? गोळ्या वेगळ्या ठेवल्या तर आणखी किती? माझं पोटापाण्याचं काम सार्वजनिक आरोग्यातल्या आकडेवारीचं, त्यामुळे सवयीने शोधायला बसले. गाडीतल्या लहान मुलांच्या सीटबद्दल शोधलं तर वाचून संपणार नाहीत इतके अभ्यास होते. बंदुकीबद्दल सापडले ते थोडके, त्यातही बरेच जुने. मी राहते अमेरिकेत, अटलांटाजवळ. देशभरातले आजार आणि इजा यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सीडीसी या सरकारी संस्थेचं मुख्यालय इथेच आहे. मग हे काम तिने का केलं नसेल?

कारण तसं मला आधीपासून माहीत होतं. आई म्हणून त्याची झळ लागली ती त्या दिवशी.

१९९३ साली डॉ. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. घरात बंदूक असणं आणि त्या घरात खून होणं यांचा संबंध त्यांनी तपासला होता. बंदूक असलेल्या घरात ही शक्यता सुमारे २.७ पट निघाली. अनुदान सीडीसीच्या इजा-प्रतिबंध केंद्राचं होतं. बंदूकधारकांची संघटना एनआरए खवळली, आणि हे केंद्रच बंद करा अशी मागणी सुरू झाली. केंद्र वाचलं. पण १९९६ मध्ये आर्कान्सासचे रिपब्लिकन खासदार जे डिकी यांनी सरकारी खर्चाच्या विधेयकात एक वाक्य घातलं. मराठीत त्याचा अर्थ असा : सीडीसीला इजा-प्रतिबंधासाठी दिलेल्या निधीतला एकही पैसा बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही.

हे वाक्य परत एकदा वाचा. संशोधन करू नका असं त्यात म्हटलेलंच नाही. प्रचार करू नका एवढंच आहे, आणि वरवर पाहता त्यात आक्षेप घेण्यासारखंही काही नाही. सरकारी पैशाने कुठल्याच कायद्याचा प्रचार होऊ नये, हे मलाही मान्य आहे. तेव्हाच्या आरोग्यक्षेत्रातल्या काही जणांनी सिगारेटसारखीच बंदूकही लोकांच्या मनातून उतरवायला हवी अशा अर्थाची वक्तव्यं केली होती. बंदूकधारकांना संशय आला तो अगदीच हवेतला नव्हता.

पण त्या वाक्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट झाली. आदल्या वर्षी केंद्राने बंदुकीच्या इजांवरच्या संशोधनावर २६ लाख डॉलर खर्च केले होते. संसदेने बरोबर तेवढीच, २६ लाखांचीच रक्कम त्या कामातून काढून मेंदूच्या इजांच्या कामाकडे वळवली. निरोप सगळ्यांना कळला. घरात बंदूक असणं धोक्याचं आहे असा निष्कर्ष निघाला, तर तो प्रचार धरायचा का? कुलूप लावल्याने मुलं वाचतात असं लिहिलं तर? कुणालाच सांगता येईना, आणि विचारायला जाण्याची हिंमतही कुणी करेना. अख्ख्या केंद्राचं अनुदान पणाला लावून एका वाक्याचा अर्थ कोण तपासून बघणार?

मला हा काळ विद्यार्थिनी म्हणून आठवतो. लहान मुलांच्या अपघाती इजांवर प्रबंध करायचा होता. भाजणं, पडणं, बुडणं, विषबाधा आणि बंदूक, असे पाच भाग मी मांडले होते. गाईड भले गृहस्थ होते. त्यांनी कागदावर पाचव्या भागाभोवती पेन्सिलीने हलकेच एक गोल काढला आणि म्हणाले, "हा नको. यावर ग्रँट मिळणार नाही आणि तुझं करिअर अजून सुरू व्हायचं आहे." मी तो भाग काढला. मला कुणीही मनाई केली नव्हती. कायदा तर माझ्यापर्यंत आलाच नव्हता, आली ती एक पेन्सिलीची रेघ. असे किती भाग किती जणांनी काढून टाकले असतील, याची नोंद कुठेच सापडणार नाही.

सरकारने अनुदानावर अटी घालूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. पैसा लोकांचा आहे. रुग्णाची संमती घ्या, प्राण्यांना विनाकारण छळू नका, हिशेब द्या, या अटी हव्यातच. याच डिकींचं नाव त्याच वर्षीच्या आणखी एका कलमाला आहे. मानवी भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला सरकारी पैसा मिळणार नाही, असं ते कलम म्हणतं. त्यावर कडाक्याचे वाद झाले, मूळपेशींच्या संशोधनावरून प्रकरण कोर्टात गेलं. मला ते कलम पटत नाही, पण त्याची जात वेगळी आहे. एखादी गोष्ट कोणत्या मार्गाने शोधायची नाही, हे ते सांगतं. बंदुकीबद्दलच्या वाक्याने घाबरवलं ते उत्तर काय निघेल यावरून. उत्तर गैरसोयीचं निघेल या भीतीने प्रश्नच गाडला जाणं, याला मी अनुदानाची अट म्हणायला तयार नाही.

गाड्यांच्या बाबतीत असं झालं नाही. अमेरिकेत १९७५ पासून रस्त्यावरच्या प्रत्येक जीवघेण्या अपघाताची तपशीलवार नोंद होते. सीटबेल्ट, एअरबॅग, रस्त्यांची आखणी, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचे कायदे, सगळ्याला अशा आकड्यांचा आधार मिळाला. गाडी मात्र कुणाचीच काढून घेतली नाही. बंदुकीने मेलेल्यांची मोजणी होतच होती. थांबलं ते त्यापुढचं काम : कशामुळे, कुणाच्या घरात, आणि काय केलं असतं तर जीव वाचला असता. या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे आपल्या लोकांना सांगितलं की ते चकित होतात. बातम्या शाळेतल्या गोळीबाराच्या येतात. बंद दाराआड एकट्याने गेलेल्या माणसाची बातमी होत नाही, आणि अभ्यास सगळ्यात जास्त हवा होता तो तिथेच. २०१७ साली जामा या नियतकालिकात एक हिशेब आला. मृत्यूंच्या प्रमाणात बघितलं तर या विषयाला जेवढा सरकारी संशोधन निधी मिळायला हवा होता, त्याच्या १.६ टक्के मिळाला होता.

स्वतः डिकींना पुढे याची खंत वाटली. इजा केंद्राचे तेव्हाचे प्रमुख डॉ. मार्क रोझेनबर्ग हे त्यांचे कट्टर विरोधक. पण दोघं बोलत राहिले आणि चक्क मित्र झाले. जुलै २०१२ मध्ये, कोलोरॅडोतल्या ऑरोराच्या चित्रपटगृहात गोळीबार झाल्यावर, दोघांनी मिळून वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला आणि हे संशोधन व्हायला हवं असं सांगितलं. माझ्यासाठी या सगळ्या कहाणीतली सगळ्यात माणुसकीची गोष्ट ही आहे. डिकी २०१७ मध्ये गेले. त्याआधीच, २०११ च्या अखेरीस, त्यांच्या वाक्याचा पल्ला वाढवून, वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी एनआयएच ही सरकारी संस्था धरून सगळं आरोग्य खातंच त्याखाली आणलं गेलं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेल्यावर ओबामांनी सीडीसीला अभ्यास सुरू करायला सांगितलं. संसदेने पैसे दिले नाहीत.

फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, २०१८ मध्ये, संसदेने खुलासा केला की संशोधनाला मनाई नाही. म्हणजे १९९६ पासून छापलेलंच होतं ते पुन्हा सांगायला २२ वर्षं लागली. पैसे आले ते डिसेंबर २०१९ मध्ये : २.५ कोटी डॉलर, निम्मे सीडीसीला, निम्मे एनआयएचला. दरम्यान तरुण संशोधकांची एक पिढी दुसऱ्या विषयांकडे निघून गेली होती, माझ्यासारखी. आणि २०२० मध्ये १ ते १९ वर्षं वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकलं. गाड्यांवर आपण काम केलं होतं, बंदुकीवर करू दिलं नव्हतं. हा आकडा वाचला त्या दिवशी मला पेन्सिलीचा तो गोल आठवला आणि मी रडले.

गेल्या महिन्यात नागपूरहून नुकत्याच इथे आलेल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मुलाला वर्गमित्राने वाढदिवसाला घरी बोलावलं होतं. "ताई, बंदुकीचं कसं विचारू गं? त्यांना राग नाही ना येणार?" मी तिला माझंच जुनं वाक्य दिलं. ते थेट विचारायचं, आवाज साधा ठेवायचा, आणि मुलाच्या ॲलर्जीबद्दल सांगताना त्याच दमात विचारून टाकायचं. मग तिने तेच विचारलं जे मी त्या रात्री शोधत बसले होते : "तिजोरीत असली की किती फरक पडतो?" या वेळी तिला पाठवायला माझ्याकडे काही नवे अभ्यास होते. तिच्या पुढच्या दोन प्रश्नांना मात्र मी म्हणाले, "त्यावर आत्ता कुठे काम सुरू झालंय गं." तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे. माझी लेक आता कॉलेजात आहे.