दिवाळीचा डबा रिकामा झाला की मधाचं पीठ भिजवा

काल डब्यातली शेवटची चकली लेकीने संपवली, डबे घासून पालथे घातले, आणि आज सकाळी ज्या पातेल्यात चिवड्याची फोडणी केली होती त्याच पातेल्यात एक किलो मध मंद आचेवर ठेवला. नाताळ अजून लांब आहे, मान्य. पण जर्मनीत न्यूर्नबर्गच्या शेजारी एर्लांगनला नऊ वर्षं राहून मला एक गोष्ट पक्की पटलीय, की जिंजरब्रेड, म्हणजे नाताळची ती मध-मसाल्याची कुकी, डिसेंबरात करायला घेतलं तर उशीर झालेला असतो.

दरवर्षी डिसेंबर उजाडला की मेसेज येतात, इथल्या मराठी ग्रुपमधून येतात, पुण्या-मुंबईहून पण येतात कारण आता तिकडेही घराघरात कटर आणि पायपिंग बॅगा आल्यात. आयसिंग पसरतंय काय करू, लाल रंग गुलाबीच येतोय, कुकीच्या घराचं छप्पर घसरतंय, कुठलं किट घेऊ. सगळे प्रश्न सजावटीचे. चवीबद्दल आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही, आणि मला हेच मनापासून खटकतं, म्हणून यंदा ही पोस्ट वेळेत लिहितोय.

आमचं पहिलं वर्ष सांगतो. लेक तेव्हा तीन वर्षांची होती, सुपरमार्केटमधून जिंजरब्रेडच्या घराचं तयार किट आणलं, भिंती आधीच भाजलेल्या, आयसिंगची पावडर पाकिटात, रंगीत गोळ्या पाकिटात. तासाभरात घर उभं राहिलं, फोटो काढले, आजी-आजोबांना पाठवले. नाताळ संपल्यावर, सहा जानेवारीनंतर ते फोडलं तर तुकडा दाताने तुटेना, आणि तुटला तेव्हा तोंडात नुसती साखर आणि पुठ्ठा. सगळं घर कचऱ्यात गेलं. मी सांगलीकडचा, आमच्या आईने ताटात शीत ठेवू दिलं नाही कधी, आणि इथे मी मुलीच्या डोळ्यादेखत किलोभर खायची वस्तू सणाच्या नावाने टाकून देत होतो. ते मला फार लागलं. त्या दिवशी ठरवलं की या घरात जे भाजलं जाईल ते खाल्लं जाईल.

मग पुढच्या नाताळाआधी खालच्या मजल्यावरच्या ओमांकडे गेलो. ओमा म्हणजे आजी, त्यांना आता एक्क्याऐंशी सुरू आहे, आमची लेक त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. मी विचारलं, लेबकूखन, म्हणजे इथलं जिंजरब्रेड, शिकवाल का, तर त्या म्हणाल्या शिकवेन पण पुढच्या वर्षी, या वर्षीचं पीठ मी ऑक्टोबरमध्येच भिजवून ठेवलंय. मला आधी वाटलं टाळतायत. पण त्यांनी तळघरातून मातीचं भांडं वर आणलं, कापड बाजूला केलं, आत तपकिरी, चकचकीत, दगडासारखा गोळा. बोट रुतत नव्हतं. त्याचा वास मात्र अजून नाकात आहे, मध आणि राय नावाच्या धान्याचं पीठ आणि कुठेतरी किंचित आंबूस.

तर मूळ गोष्ट अशी की मध कोमट करून त्यात साखर विरघळवायची, पीठ मिसळायचं आणि तो गोळा झाकून थंड जागी आठवडेच्या आठवडे सोडून द्यायचा. अंडं नाही, सोडा नाही, काही नाही. लोणचं मुरतं तसं हे मुरतं. पिठातला स्टार्च हळूहळू थोडा साखरेत बदलतो, मधाचा ओलावा कणाकणात शिरतो, आणि थोडा आंबटपणा तयार होतो. हा आंबटपणा महत्त्वाचा, कारण इथे पीठ फुलवायला बेकिंग पावडर नाही तर पोटाशे वापरतात, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. आपला पापडखार ज्या जातीचा तसलाच हा क्षार. त्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं, ते मुरलेल्या पिठात आयतं असतं. दुसरा एक क्षार आहे हिर्शहॉर्नझाल्त्स, पूर्वी हरणाच्या शिंगापासून करायचे म्हणून ते नाव, आपल्या बिस्किट बेकरीत ज्याला नुसतं अमोनिया म्हणतात तोच. पोटाशेने कुकी आडवी पसरते, हिर्शहॉर्नने उभी फुगते. कुकी भाजताना अमोनियाचा वास उडून जातो, पण कच्चं पीठ चाखायचं नाही, मुलांनाही चाटू द्यायचं नाही.

एकाच दिवसात मळून लाटून भाजलेली कुकी आणि सहा आठवडे मुरलेल्या पिठाची कुकी मी दोन्ही शेजारी ठेवून खाल्ल्यात, ओमांनीच खायला लावल्या. पहिली गोड होती. दुसरीत मसाला वेगळा कळत नव्हता, मध वेगळा कळत नव्हता, सगळं एकजीव. ज्याने ताजं लोणचं आणि वर्षाचं लोणचं दोन्ही चाखलंय त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

हे पदार्थ न्यूर्नबर्गात का रुजले याचं कारण पण मधातच आहे. शहराला लागून राइख्सवाल्डचं जंगल, तिथे मध काढणाऱ्यांचा पिढीजात धंदा, त्या जंगलाला पवित्र रोमन साम्राज्याची मधमाश्यांची बागच म्हणायचे. आणि दुसरीकडून व्हेनिसवरून येणारा मसाल्याचा व्यापारी रस्ता. मध इथला, मसाला आपल्याकडचा आणि त्याहून पूर्वेकडचा, आणि दोन्ही या एका शहरात भेटले. इथे लेबकूखनवाल्याची पहिली नोंद १३९५ ची आहे, १६४३ मध्ये त्यांचा स्वतंत्र संघ झाला. कोल्हापूरच्या गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे तसं १९९६ पासून न्यूर्नबर्गच्या लेबकूखनला युरोपात संरक्षण आहे, शहराच्या हद्दीत बनवलेल्यालाच ते नाव लावता येतं. त्यातला सगळ्यात उंची प्रकार एलिझनलेबकूखन, त्यात किमान २५ टक्के बदाम, हेझलनट किंवा अक्रोड हवेत आणि पीठ १० टक्क्यांहून जास्त चालत नाही. म्हणजे कायद्यानेसुद्धा सांभाळलीय ती आतली चव. वर काय नक्षी काढावी यावर कुणी टक्केवारी लावली नाही.

जिंजरब्रेड हा शब्दही बघा कुठून आलाय. जिंजर हे लॅटिन झिंजिबरवरून, ते ग्रीकमधून, आणि ग्रीकांनी ते घेतलं ते आपल्याकडच्या प्राकृतातून, संस्कृतात शृंगवेर. शिंगासारखा आकार असलेलं ते शृंगवेर, म्हणजे आपलं आलं. जुन्या जर्मनीत परदेशी मसाल्यांना सरसकट मिरीच म्हणायचे, म्हणून पूर्व जर्मनीत याला आजही फेफरकूखन म्हणतात, मिरीचा केक, त्यात मिरी असो नसो. दर डिसेंबरला ख्रिस्टकिंडल्समार्क्टमध्ये, म्हणजे न्यूर्नबर्गच्या नाताळ बाजारात, फिरताना तो वास आला की मला आईने कुटलेली सुंठ आठवते, रामनवमीचा सुंठवडा आठवतो. वास तर अगदी ओळखीचा.

म्हणूनच मसाल्याचं तयार पाकीट घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. आपल्या लोकांच्या डब्यात सगळं आहे. एक किलो पिठाला साधारण तीस ग्रॅम मसाला धरा, निम्म्याहून थोडी जास्त दालचिनी, मग लवंग, धणे, वेलची, सुंठ, चिमूट-चिमूट जायफळ आणि जायपत्री, ऑलस्पाइस मिळालं तर तेही. हो, धणे. गोडात धणे म्हटल्यावर माझी बहीण फोनवर दोन मिनिटं गप्प होती, पण धण्याशिवाय तो वास येतच नाही. सगळं हलकं गरम करून घरी कुटा. दालचिनी मात्र बघून घ्या, जाड सालीची कॅसिया नको, पातळ पापुद्र्यांची सिलोन दालचिनी घ्या. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, खूप खाल्लं तर ते यकृताला चांगलं नाही, २००६ मध्ये इथे दालचिनीच्या नाताळ बिस्किटांवरून मोठी चर्चा झाली होती. लहान मुलं डिसेंबरभर हेच खात असतात, म्हणून म्हणतो. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध असलेलं काहीच नको.

माझं प्रमाण लिहून ठेवा. अर्धा किलो मध, दोनशे ग्रॅम ब्राउन शुगर, शंभर ग्रॅम लोणी, हे कोमट करून एकजीव करायचं, उकळू द्यायचं नाही. कोमट असतानाच एक किलो पीठ, त्यात पाव भाग राय. झाकून थंड जागी. भाजायच्या आदल्या दिवशी गोळा घरात आणून मऊ होऊ द्यायचा, मग दोन अंडी, मसाला, आणि दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवलेलं दहा ग्रॅम पोटाशे घालून मळायचं. हे मळणं म्हणजे खरी मेहनत आहे, पुरणपोळीच्या कणकेला लागतो तेवढा जोर लागतो, मी आणि बायको आळीपाळीने मळतो. बहिणीने सांगलीत हेच केलं तेव्हा निम्म्या मधाऐवजी काकवी घेतली, रायऐवजी कणीक, पोटाशेऐवजी दोन चमचे खायचा सोडा, आणि पीठ फ्रिजमध्ये मुरवलं. मी दिवाळीला गेलो तेव्हा तिने ठेवलेल्या डब्यातल्या खाल्ल्या. काकवीची कुकी जास्त काळपट होते आणि खमंग लागते, मला तर मधापेक्षा आवडली.

लाटताना अर्धा सेंटीमीटर जाडी ठेवा. पातळ लाटली की ती कडक होणारच. १८० डिग्रीला दहा ते बारा मिनिटं, आणि बाहेर काढताना ती मऊच लागते, कच्ची राहिली असं वाटून परत आत टाकू नका, निवल्यावर घट्ट होते.

आता सजावट. कुणाला वाटेल की मी सजावटीच्या विरुद्ध आहे, तसं अजिबात नाही. नॉर्वेत बर्गन शहरात १९९१ पासून दर नाताळला मुलांनी भाजलेल्या घरांचं अख्खं जिंजरब्रेड शहर मांडतात, उत्तर क्रोएशियातली लाल नक्षीदार हृदयं तर २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, ती लोक भेट देतात, भिंतीला लावतात, जपून ठेवतात. ती एक वेगळी कला आहे आणि तिच्यापुढे मी हात जोडतो. पण आपण घरच्या मुलांसाठी जे करतो ते भिंतीला लावायला करत नाही ना. १४८७ मध्ये सम्राट फ्रिडरिश तिसऱ्याने न्यूर्नबर्गातल्या जवळजवळ चार हजार मुलांना बोलावून एकेक छोटं लेबकूखन दिलं होतं, त्यावर त्याचंच चित्र. राजाचं तोंड असलेली कुकी, तीसुद्धा पोरांच्या हातात दिली. मला ही गोष्ट प्रचंड आवडते.

आमच्याकडे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बिल्डिंगमधली सात-आठ मुलं येतात. एका अंड्याच्या पांढऱ्याला दोनशे ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, लिंबाचे दोन थेंब. अंडं पाश्चराइज्ड घ्या, किंवा कच्चं अंडं नको असेल तर छोले शिजवलेलं घट्ट पाणी फेटून घ्या, फरक कळत नाही. रेघेसाठीचं आयसिंग उचललं की टोक उभं राहिलं पाहिजे. आत भरायचं आयसिंग थोडं पाणी घालून सैल, सुरीने रेघ मारली तर दहा सेकंदांत मिटायला हवी. वाटीवर ओलं फडकं टाकून ठेवा नाहीतर पापुद्रा धरतो. कुकी पूर्ण गार असल्याशिवाय आयसिंगला हात लावायचा नाही, ते पसरतंय पसरतंय म्हणून जे मेसेज येतात त्यातले निम्मे याचेच असतात. मुंबईत दमट हवेत ते सुकत नाही, तिथे एसीच्या खोलीत रात्रभर उघडं ठेवा.

आणि एक नियम मी घातलाय, तो सगळ्या आयांना आवडत नाही पण मी तो बदलणार नाही. मोठ्यांनी मुलांच्या कुकीला हात लावायचा नाही. पुसून नीट करायची नाही, फोटोसाठी वेगळी सुंदर करून ठेवायची नाही. मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या मुलाने एका माणसाला तीन डोळे काढले, आमच्या लेकीने एका हृदयावर देवनागरीत "ओमा" लिहिलं, ओ ची मात्रा पार काठाबाहेर गेली होती. ओमांनी ती हातात घेतली, बराच वेळ बघितली, आणि आमच्या समोर चहात बुडवून खाल्ली. लेक म्हणाली अरे मी लिहिलं होतं त्यावर. ओमा म्हणाल्या, हो, म्हणून तर आधी तीच खाल्ली.

उरलेल्या डब्यात जातात. चार दिवसांनी कडक वाटल्या तर घाबरू नका, डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवा, मध ओलावा ओढून घेतो आणि कुकी पुन्हा मऊ होते. फोड दोन दिवसांनी बदला, बुरशी यायला नको.

आजचा गोळा आत्ताच तळघरात ठेवून आलो. लेकीने भांड्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, बाबा उघडू नका. यंदा ओमांचे गुडघे फारच दुखतायत, त्यांना मळणं जमणार नाही, म्हणून पीठ दुप्पट केलंय, त्यांच्या नातवंडांचं पण आमच्याच ओव्हनमधून जाईल. तुमच्याकडे मध असेल तर आज भिजवून ठेवा. काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, चवीचं विचारा, मी सगळ्यांना उत्तर देईन.